दाढेचं रूट कॅनल झालं, आता वर काय बसवायचं?

प्रश्न : डॉक्टर, मी ४३ वर्षांची, साताऱ्याची. खालची पहिली दाढ किडली होती, महिन्यापूर्वी रूट कॅनल झालं. आता अजिबात दुखत नाही तरी कॅप लागेलच म्हणतात. मेटल सिरॅमिक की झिरकोनिया असं विचारलंय, आणि माझ्या बहिणीला तर पूर्ण कॅप न घालता नुसता वरचा तुकडा चिकटवलाय. मी झोपेत दात खाते असं मिस्टर सांगतात. मला काय चालेल?

उत्तर : ताई, दुखत नाहीये कारण आतली नस काढलीय, दाढ मजबूत झालीय म्हणून नाही. रूट कॅनलनंतर दाढ सुकते आणि म्हणून मोडते असं सगळे म्हणतात, पण खरी गोष्ट अशी की किडीत आणि ती साफ करताना दाढेचा बराच भाग गेलेला असतो, मग उरलेल्या भिंती चावताना बाहेर फाकतात. १९८९ साली उपदाढांवर झालेल्या एका अभ्यासात नुसत्या रूट कॅनलच्या भोकानं दाताचा ताठपणा ५ टक्केच कमी झाला, पण पुढची-मागची दोन्ही कड गेलेल्या दातात ६३ टक्के! माझ्याकडे एक काका तात्पुरत्या फिलिंगवर चार महिने राहिले, भातातला खडा दाताखाली आला, कट्टकन आवाज झाला आणि दाढ मुळापर्यंत उभी चिरली, काढावीच लागली हो, फार वाईट वाटलं मला.

आता प्रकार. मेटल सिरॅमिक, म्हणजे आत धातू आणि वर सिरॅमिक, जुनं आणि भरवशाचं, पण वरून दाढ दीड-दोन मिलिमीटर घासावी लागते आणि वरचं सिरॅमिक कधीकधी टवकतं. झिरकोनिया हे पांढरं, फार कणखर सिरॅमिक; एकसंध झिरकोनिया, म्हणजे वर वेगळा थर न दिलेला, एखादा मिलिमीटर घासूनही बसतो आणि तुटायला फार अवघड. बहिणीचं बहुतेक ऑनले (दाढेच्या फक्त वरच्या भागावरचं झाकण) किंवा एंडोक्राउन (तसंच झाकण, पण दाढेच्या आतल्या पोकळीतही बसणारं) असेल, हे लिथियम डायसिलिकेट नावाच्या काचेसारख्या सिरॅमिकचं बरेचदा करतात. त्याला आतून आम्ल लावून खरखरीत करतात आणि रेझिन सिमेंटनं चिकटवतात, दाढ खूप वाचते, मला स्वतःला हा प्रकार फार आवडतो. पण कडेला चांगलं इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कडक आवरण, शिल्लक हवं आणि चिकटवताना लाळेचा थेंब नको, दाढ हिरडीखाली किडली असेल तर हे जमत नाही.

तुम्ही दात खाता म्हणून मी एकसंध झिरकोनियाच सांगेन, सोबत रात्रीचा नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं आवरण. समोरची दाढ झिजेल ही भीती असते, पण आरशासारखं पॉलिश केलेलं झिरकोनिया त्रास देत नाही, खरखरीत राहिलेलं देतं. म्हणून कॅप बसवल्यावर तो निळा कागद दाताखाली देऊन चावायला लावतात ना, आणि उंच लागतं तिथे घासतात, तेव्हा घासलेल्या जागी परत पॉलिश करा असं हक्कानं सांगा. जीभ फिरवून बघा, गुळगुळीत लागलं पाहिजे.

आणि तात्पुरतं फिलिंग अजून तसंच असेल तर या आठवड्यातच जा, ते झिजून बाजूनं लाळ शिरली तर केलेलं रूट कॅनल पुन्हा बिघडतं. पक्कं फिलिंग आधी, माप त्यानंतर. हिरडीच्या वर दाढेची दीड-दोन मिलिमीटर शाबूत भिंत चारी बाजूंनी आहे का हेही डॉक्टरांना विचारा, कॅप घट्ट राहते ती त्याच्यावर. तोवर त्या बाजूनं शेंगदाणे, चिक्की नको.