वाचकांचे प्रश्न : धमकी आलेल्या अर्जदारामागे कायदा किती उभा आहे?

प्रश्न : आमच्या तालुक्यात नदीपात्रातून होणाऱ्या वाळू उपशाच्या परवान्यांची माहिती मी माहिती अधिकारात मागितली होती. अर्ज दिल्यानंतर आठव्या दिवशी दोघे जण मोटारसायकलवरून घरी आले. त्यांच्या हातात माझ्याच अर्जाची झेरॉक्स होती आणि माझ्या पत्त्याखाली निळ्या पेनाने रेघ ओढलेली होती. ‘अर्ज मागे घ्या, नाहीतर नदीतच सापडाल,’ असे ते आईसमोर बोलून गेले. पोलीस ठाण्यात एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवून घेतली आणि कागद हातात दिला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर सरकारने तातडीने कायदा केला, असे आम्ही वाचतो. त्या कायद्याचा मला उपयोग आहे का? नसेल, तर माझ्यासारख्यासाठी दुसरा कोणता कायदा आहे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील निळ्या रेघेने मला अस्वस्थ केले. अर्ज एका सरकारी टेबलावर दिला जातो आणि त्याची प्रत ज्यांच्याविरुद्ध माहिती मागितली त्यांच्याच खिशात पोहोचते, हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की त्याची कोणाला लाजही वाटेनाशी झाली आहे. कायदा नेमका इथेच हवा होता, आणि तो इथेच अडकलेला आहे.

आधी डॉ. दाभोलकरांच्या कायद्याविषयी. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉक्टरांवर पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर गोळ्या झाडण्यात आल्या. ज्या जादूटोणाविरोधी विधेयकासाठी त्यांनी वर्षानुवर्षे आमदारांचे आणि मंत्र्यांचे उंबरठे झिजवले, त्याचा वटहुकूम त्यानंतर आठवड्याच्या आत निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले. नरबळी आणि अघोरी प्रथांसाठी ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड अशी तरतूद त्यात आहे. हा कायदा मोलाचा आहे आणि त्याखाली भोंदूंना शिक्षाही झाल्या आहेत. पण ती कार्यकर्त्याची मागणी होती, कार्यकर्त्याचे संरक्षण नव्हे. भोंदूबाबाविरुद्ध उभे राहणाऱ्या माणसाच्या जिवाची हमी देणारे एकही कलम त्यात नाही. म्हणूनच १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात, तीही सकाळच्या फेरफटक्याचीच वेळ, कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्या कायद्याकडून कोणी काही मागावे असे त्यात नव्हतेच. दाभोलकर खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयाने १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. खुनामागचे सूत्रधार वेगळेच आहेत आणि यंत्रणांना त्यांच्यापर्यंत पोहोचता आले नाही, हे न्यायालयाने निकालपत्रात नोंदवले. जवळजवळ अकरा वर्षांनी हाती आलेला हा निकाल आहे.

आपल्या प्रकरणाशी जवळचे नाते आहे ते तळेगाव दाभाडेच्या सतीश शेट्टी यांच्या खुनाचे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गालगतचे जमिनीचे व्यवहार त्यांनी माहिती अधिकारातून बाहेर काढले होते. त्यांनी पोलीस संरक्षण मागितले होते, ते त्यांना मिळाले नव्हते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांचा खून झाला. तपास सीबीआयकडे गेला, तरी या खुनासाठी आजवर कोणाला शिक्षा झालेली नाही.

संरक्षणाचा जो कायदा व्हायला हवा होता तो कागदावर झालेला आहे : व्हिसलब्लोअर्स संरक्षण अधिनियम, २०१४, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा. त्याची सुरुवात बिहारमधून झाली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी रस्तेबांधणीतील भ्रष्टाचाराविषयी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. नाव गुप्त राहिले नाही आणि २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयात प्रश्न आल्यावर एप्रिल २००४मध्ये केंद्राने एक ठराव काढून अशा तक्रारी घेण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिले. पुढे २०१० साली विधेयक आले, डिसेंबर २०११मध्ये लोकसभेत आणि फेब्रुवारी २०१४मध्ये राज्यसभेत मंजूर झाले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. गैरव्यवहार उघड करणाऱ्याचे नाव फोडणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, छळ झाल्यास तो छळ नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी यंत्रणेवर, तक्रारदाराला संरक्षण देण्याचे आदेश पोलिसांना देण्याचा अधिकार, असे सारे त्यात आहे. मात्र पहिल्याच कलमात लिहिले आहे की केंद्र सरकार अधिसूचना काढील त्या दिवसापासून अधिनियम अमलात येईल. ती अधिसूचना निघालेली नाही. २०१५ साली सरकारने तो सौम्य करणारी दुरुस्ती लोकसभेत मंजूर करून घेतली. ती राज्यसभेत अडकली आणि २०१९मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर आपोआप रद्द झाली. संसदेने मंजूर केलेला, राष्ट्रपतींनी सही केलेला कायदा एका तारखेवाचून अडून राहतो आणि त्या तारखेची वाट पाहणारी माणसे मारली जातात, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते, आणि दर अधिवेशनात आपापल्या खासदारांना याविषयी लेखी विचारले पाहिजे असे माझे मत आहे.

आता आज हातात काय आहे ते पाहू. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(३)खाली ठार मारण्याच्या धमकीला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण गुन्हा अदखलपात्र धरला जातो. त्यामुळे पोलिसांनी एन.सी. नोंदवणे नियमाला धरून आहे. मात्र तिथे थांबणे आपल्यावर बंधनकारक नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४(२)नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळाल्यास पोलिसांना तपास करावा लागतो. तेव्हा एन.सी.ची प्रत जोडून न्यायालयात अर्ज करा आणि पोलीस अधीक्षकांना संरक्षणाची लेखी मागणी देऊन पोच घ्या. पोच महत्त्वाची, तोंडी मागणी कुठेच राहत नाही. पुढे खटला उभा राहिला आणि आपण त्यात साक्षीदार असलात, तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८मध्ये देशभर लागू केलेली साक्षीदार संरक्षण योजना उपयोगी पडेल. तिच्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो.

दोन गोष्टी फारशा कोणाला ठाऊक नसतात. पहिली म्हणजे, माहिती अधिकाराच्या अर्जावर घरचा पत्ता देण्याची सक्ती नाही. कोलकाता उच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०१३ रोजी टपाल पेटी क्रमांक पुरेसा असल्याचे सांगितले आणि केंद्राने त्यावर परिपत्रकही काढले. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. ऑगस्ट २०११मध्ये भोपाळमध्ये शेहला मसूद यांचा खून झाल्यानंतर केंद्रीय माहिती आयोगाने १३ सप्टेंबर रोजी ठराव केला की माहिती मागणाऱ्यावर हल्ला झाला किंवा त्याचा खून झाला, तर त्याने मागितलेली माहिती संबंधित विभागाने आपल्या संकेतस्थळावर स्वतःहून प्रसिद्ध करावी, असा आदेश आयोग देईल. हल्लेखोराला हवे असते ते अर्ज बंद होणे. या ठरावाने नेमका तोच फायदा काढून घेतला जातो. तो राज्य माहिती आयोगावर बंधनकारक नाही, पण त्याचा हवाला देऊन त्या आयोगाच्या आपल्या विभागातील खंडपीठाकडे तशी लेखी मागणी जरूर करा. आणखी एक मार्गही सांगतो : त्याच मजकुराचा अर्ज गावातील आणखी पाच-सात जणांनी वेगवेगळ्या दिवशी द्यावा आणि सर्व प्रती एकापेक्षा जास्त घरी ठेवाव्यात. आईंना एकटे ठेवू नका, आणि सकाळी फिरायला जात असाल तर काही दिवस सोबत घेऊन जा.

प्रश्न : पत्रकारांवरील हल्ल्याविरुद्ध राज्यात कायदा आहे. गावातून बातम्यांचे चॅनेल चालवणाऱ्यालाही तो लागू होतो का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : महाराष्ट्राचा हा कायदा २०१७ साली झाला आणि राष्ट्रपतींची संमती २०१९मध्ये मिळाली. हल्ल्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा, अशा त्यातील तरतुदी सामान्य धमकीच्या कलमापेक्षा पुष्कळ कडक आहेत. मात्र संरक्षण आहे ते वृत्तसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी नेमणूक असलेल्या पत्रकाराला. स्वतःच्या मोबाईलवरून बातमी देणाऱ्याला त्याचा आधार मिळवण्यासाठी आधी आपण कोणत्या संस्थेचे आहोत हे दाखवावे लागेल. नेमणुकीचे पत्र असेल तर त्याची प्रत जवळ ठेवा. नसेल, तर ज्या संस्थेला बातम्या देता तिच्याकडून लेखी घ्या.