28 दिवस बर्फात, 28 दिवस वडोदऱ्यात

पत्र वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका आईचं आहे. मुलगा इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये बी.ई., नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीत तीन वर्षं शिफ्टमध्ये काम करतोय. एका एजंटने रशियाच्या उत्तर टोकाला, यमाल द्वीपकल्पाकडच्या गॅस प्लांटवरची कंत्राटी नोकरी आणली आहे. 28 दिवस काम, 28 दिवस घरी, रोज 12 तास, पगार आत्ताच्या चौपट. ‘ह्यांचं म्हणणं, जाऊ दे. मला तिथल्या थंडीची आणि याच्या लग्नाची काळजी वाटते. काय करावं?’

ताई, नमस्कार.

थंडीची काळजी तुम्ही करू नका, ती कंपनीला करावीच लागते. तिथे हिवाळ्यात पारा उणे 40 च्या खाली जातो, यमालवरच्या साबेट्टासारख्या ठिकाणी जवळपास दोन महिने सूर्य उगवत नाही आणि उन्हाळ्यात मावळत नाही. पण कपडे, गरम खोल्या, जेवण, डॉक्टर हे सगळं साइटवर असतं. त्रास होतो तो झोपेचा. त्याला नंदेसरीच्या नाइट शिफ्टची सवय आहे खरी, पण इथे नाइट संपवून बाहेर आलं की निदान सकाळ झालेली दिसते. तिथे जानेवारीत दोन्ही वेळा अंधार. ज्याला इथेच नाइटनंतर झोप लागत नाही, त्याने जाऊ नये. हे त्याला स्पष्ट विचारा. मुलं आईला खरं सांगत नाहीत, म्हणून वडिलांना विचारायला लावा.

कामाबद्दल मात्र माझं मत चांगलं आहे. त्याच्या ट्रेडला तिथे खरी किंमत आहे. प्रेशर मोजून आकडा पाठवणाऱ्या ट्रान्समीटरकडे जाणाऱ्या बारीक नळीतलं पाणी गोठलं की रीडिंग जागच्या जागी अडकतं. प्रत्यक्ष प्रेशर चढलं तरी कंट्रोल रूमला कालचाच आकडा दिसतो. मग कोणीतरी जाडजूड हातमोजे घालून त्या नळीवरची हीट ट्रेसिंग, म्हणजे तिला गरम ठेवणारी तार, तपासायला बाहेर जातं. ते ‘कोणीतरी’ म्हणजे तुमचा मुलगा. हीट ट्रेसिंगचा अनुभव वडोदऱ्यात फारसा विकला जाणार नाही, पण एलएनजीचा, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूचा, विकला जाईल. उणे 162 अंशांच्या द्रवाची पाइपलाइन, तिचे व्हॉल्व्ह, तिची गॅसगळती शोधणारी यंत्रं, हे सगळं दहेजच्या टर्मिनलवर 2004 पासून चालू आहे. दोन-तीन वर्षांनी परतायचं दार घराजवळच आहे. जाण्याआधी स्फोटक वायूच्या जागी काम करण्याचं कॉम्पेक्स प्रमाणपत्र मिळवलं तर उत्तम.

आता कागदाकडे येऊ, कारण अशी नोकरी बिघडते ती कागदावर. ‘28/28’ हे ऐकायला छान. पण घरच्या 28 दिवसांचा पगार मिळतो का? ‘चौपट’ हा आकडा दर महिन्याचा आहे, की फक्त साइटवरच्या दिवसांचा? तसं असेल तर वर्षाकाठी तो चौपट नसून दुप्पट. विमानाचं तिकीट वडोदऱ्यापर्यंत की मॉस्कोपर्यंत? हिमवादळात विमान उडालं नाही आणि बदली माणूस आलाच नाही, तर ते जास्तीचे दिवस कोणाच्या खात्यात? रशियाच्या कामगार कायद्यात अशा ‘वाख्ता’, म्हणजे घरापासून लांब पाळीपाळीने काम करण्याच्या, पद्धतीसाठी वेगळं प्रकरण आहे: एक फेरी सहसा एका महिन्याच्या वर नसावी, अपवाद म्हणून तीन महिन्यांपर्यंत. तो अपवाद करारात नियम म्हणून लिहिलाय का, ते बघा.

एक गंमतही सांगतो. 28 दिवसांच्या 13 फेऱ्या म्हणजे 364 दिवस, त्यातले निम्मे 182. आणि आयकराचा आकडा नेमका तोच! आर्थिक वर्षात 182 किंवा जास्त दिवस भारतात काढले की तो निवासी ठरतो आणि तिकडचा पगारही इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण सी.ए.ला आधीच गाठा आणि पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा.

एजंटबद्दल मी कडक आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी नसेल तर विषय तिथेच संपला. नोंदणी असली तरी त्याला 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. रशियात साध्या नोकरीच्या नावाखाली नेलेल्या आपल्या मुलांना युद्धात लोटल्याच्या प्रकरणी सीबीआयने 2024 मध्ये गुन्हा नोंदवला आहे, तेव्हा ही भीती पोकळ नाही. प्लांटचं नाव लेखी मागा. शेजारच्या गिदान द्वीपकल्पावरच्या आर्क्टिक एलएनजी 2 या गॅस प्रकल्पावर अमेरिकेने नोव्हेंबर 2023 मध्ये निर्बंध घातले. तिथला अनुभव पुढे अमेरिकन किंवा युरोपियन कंपनीत अर्ज करताना अडचणीचा ठरू शकतो. पगार कोणत्या बँकेतून येणार, तेही विचारा, कारण तिथल्या कित्येक बँका परदेशी पैसे पाठवायच्या ‘स्विफ्ट’ या यंत्रणेबाहेर आहेत.

लग्नाचं म्हणाल, तर मुलीकडच्यांना ‘परदेशात असतो’ एवढंच सांगू नका, रोस्टरच दाखवा. एकेका वेळी 28 दिवस सलग घरी असणारा नवरा काहींना आवडतो, काहींना तीच अडचण वाटते!

आणि ही सगळी उत्तरं कंपनीच्या मेलवर, एजंटच्या व्हॉट्सअॅपवर नव्हे, आल्याशिवाय नंदेसरीचा राजीनामा त्याने देऊ नये.