वाचकांचे प्रश्न : पिनाटुबोची राख

प्रश्न : फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी सुमारे ५०० वर्षे शांत होता. मग १९९१ मध्ये एकाएकी कसा फुटला? (सातारा)

उत्तर : एकाएकी नव्हे. १५ जूनच्या महाउद्रेकाआधी अडीच महिने तो इशारे देत होता. २ एप्रिलला वाफेचे स्फोट झाले, डोंगराखाली लहान भूकंपही होत होते. खोलवर भरपूर सिलिका (वाळूतले मुख्य द्रव्य) असलेला चिकट शिलारस साठला होता. त्यात खालून अधिक तापलेला बेसाल्टी (काळा कातळ बनवणारा, पातळ) रस घुसला आणि साठा ढवळून वर सरकू लागला. वर येताना दाब घटतो, तसे विरघळलेले पाणी आणि वायू बुडबुडे होऊन फुगतात. पातळ रसातून ते निसटतात, चिकट रसात अडकतात आणि शेवटी रसाच्याच ठिकऱ्या उडवतात. त्या ठिकऱ्या म्हणजे राख : काचेचे आणि खनिजांचे बारीक कण, त्यात जळलेले काही नसते.

सर्वांत बोलका पुरावा वायूचा होता. मेच्या मध्यात सल्फर डायऑक्साइड रोज सुमारे ५०० टन निघत होता, २८ मेपर्यंत तो ५,००० टनांवर गेला आणि जूनच्या सुरुवातीला एकदम घसरला. ही घट दिलासा देणारी नव्हती : वाटा बुजून दाब आत कोंडत होता. फिलिपिन्सच्या फिव्होल्क्स या ज्वालामुखी-भूकंप संस्थेने आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने या खुणा ओळखल्या आणि हजारो लोक वेळेवर बाहेर निघाले. पृथ्वीविज्ञानाचे हे यश शाळेत शिकवायलाच हवे.

प्रश्न : तरीही माणसे का दगावली? लाव्हा तर गावांपर्यंत पोहोचला नव्हता. (नांदेड)

उत्तर : त्याच दिवशी, १५ जूनला, युन्या हे चक्रीवादळ तिथून गेले. कोरड्या राखेचे वजन घनमीटरला साधारण ४०० ते ७०० किलो असते, भिजली की १,००० किलोच्या वर जाते. म्हणजे छपरावर १० सेंटिमीटर ओल्या राखेचा थर बसला, तर दर चौरस मीटरला १०० किलोहून जास्त भार. उद्रेकाच्या वेळचे बहुतेक मृत्यू छपरे कोसळून झाले. नंतर छावण्यांत गोवरासारख्या आजारांनी, विशेषतः ‘आयता’ नावाच्या आदिवासी जमातीची मुले गेली.

संकट तिथेही संपले नाही. दर पावसाळ्यात डोंगरावरची राख चिखल होऊन नद्यांतून धावत राहिली. या लोंढ्यांना लाहार म्हणतात. १९९५ मध्ये बाकोलोर गावाचे जुने चर्च निम्म्या उंचीपर्यंत गाडले गेले.

प्रश्न : सह्याद्रीही ज्वालामुखीचाच ना? तिथेही असाच स्फोट झाला होता का? (जुन्नर)

उत्तर : बहुतांशी नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे भेगांतून पातळ बेसाल्टी लाव्हा थरांवर थर पसरत गेला. त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिओलाइट या खनिजाच्या स्फटिकांनी भरल्या.

प्रश्न : मुलगी नोकरीसाठी मनिलात आहे. राख पडली तर तिने काय करावे? (डोंबिवली)

उत्तर : दारे-खिडक्या बंद करून फटींत ओली फडकी लावावीत, एसी बंद ठेवावा, पाण्याची टाकी झाकावी. बाहेर जावेच लागले तर एन-९५ मास्क आणि बंद गॉगल वापरावा. कॉन्टॅक्ट लेन्स घालू नयेत, कण अडकून बुबुळाला ओरखडे पडतात. छपरावरची राख थर जाड होण्याआधी काढावी, पण पडणे थांबल्यावर आणि दोघांनी मिळून. आधी पन्हाळीतून खाली येणारा नळ सुटा करावा, राखेवर ती उडू नये इतकेच हलके पाणी शिंपडावे आणि ती फावड्याने पोत्यांत भरावी. पाण्याचा पाइप सोडू नये : भार वाढतो, आणि गटारात गेलेली राख घट्ट बसून तुंबते. गाडीच्या काचेवर कोरडे वायपर फिरवू नयेत, काच कायमची खरवडते.