मिनेसोटात ओपनरला वॉलआय आणि क्रॅपी या माशांसाठी कुठला फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे स्क्रीनवर दाखवणारं सोनार यंत्र) घेऊ?

कुठलाच घेऊ नका. पहिल्या वर्षी तरी नाहीच.

तुम्ही लिहिलंय की ट्विन सिटीजला (मिनियापोलिस-सेंट पॉलला) येऊन आठ महिने झाले, मित्राची बोट आहे, मेमधे ओपनरला, म्हणजे वॉलआयचा सीझन उघडतो त्या दिवशी, वर उत्तरेला जायचंय आणि बजेट हजार डॉलर. त्यातले दहा डॉलर काढा आणि पाण्यात टाकायचा थर्मामीटर घ्या. का ते सांगतो, जरा लांबेल, कारण याच विषयावरनं माझं आणि आमच्या साडूभाऊंचं २०१८ पासून वाजलेलं आहे.

त्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर मिनियापोलिसला ब्लिझर्ड झालं होतं, त्यामुळे लेकवरचं बर्फ जायला मे उजाडला. ओपनर १२ मेला, म्हणजे मदर्स डेच्या आदल्या दिवशी, त्यावरनं घरी काय काय ऐकलं तो वेगळा विषय. साडूभाऊ मूळचे पुण्याचे, मासा म्हणजे सुरमई नाहीतर पापलेट, तेही ताटातलं. पण इथे सोळा फुटी ॲल्युमिनियमची बोट घेतली आणि तिच्यावर फिश फाइंडरचा टीव्हीएवढा स्क्रीन बसवला. मी पेणचा. मृगाच्या पहिल्या पावसात वलगण लागली, म्हणजे मासे अंडी घालायला उथळ पाण्यात चढायला लागले, की आजोबांबरोबर रात्री बांधावर बॅटरी धरून उभं राहणं हे माझं लहानपण. आजोबांचं एकच म्हणणं, सीझन लागताना मासा खोलात शोधायचा नाही, तो उथळावर येतो. पहाटे पाचला बोटीत बसता बसता मी हे बोललो तर साडूभाऊ म्हणाले, "अरे तुझी वलगण पेणला. हा ग्लेशियरनं केलेला लेक आहे."

झालं. पुढचे सात-आठ तास आम्ही लेकच्या मधोमध, चोवीस फूट पाण्यावर. स्क्रीनवर मासा कमानीसारखा उमटतो, तर नुसत्या कमानीच कमानी, आणि प्रत्येक कमान म्हणजे साडूभाऊंच्या मते वॉलआय. जिगला (वजनाची गोळी असलेला गळ) मिनो (चाऱ्याचा बारीक मासा) लावायचा, तळाला टेकवायचा, जरा उचलायचा, परत टेकवायचा. हवा ३६ डिग्री फॅरनहाइट, वायव्येचा वारा, बोटं इतकी आखडलेली की बादलीतला मिनो चिमटीत धरता येईना. एकानेही तोंड लावलं नाही. त्या कमानी कसल्या होत्या देव जाणे, सकर असतील, टुलिबी असतील, वॉलआयसुद्धा असतील पण खायच्या मूडमधे नसतील, स्क्रीन काही माशाच्या पोटात भूक आहे का ते दाखवत नाही.

एकच्या सुमाराला स्क्रीन काळा. ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवायची इलेक्ट्रिक मोटर) आणि सोनार, म्हणजे तोच फिश फाइंडर, एकाच बॅटरीवर, दिवसभर वाऱ्याविरुद्ध बोट धरून ठेवलेली, दुसरं काय होणार? मग मोठं इंजिन चालू केलं आणि वारा चुकवून थालीपीठ खायला म्हणून लेकच्या उत्तर टोकाच्या एका छोट्या बेमधे (काठात आत शिरलेल्या पाण्यात) शिरलो. तळाला काळा चिखल, गेल्या वर्षीचे वाळके बुळरश (पाण्यातलं उंच गवत) उभे, पाणी जेमतेम चार फूट. माझ्या जॅकेटच्या खिशात मुलीच्या आंघोळीच्या टबातलं पिवळं बदक होतं, पोटात थर्मामीटर असलेलं. सकाळी लेकच्या मधे टाकलं तेव्हा ४६ दाखवलं होतं आणि साडूभाऊ हसले होते. इथे ५७.

अकरा डिग्रीचा फरक. उत्तरेकडचा गार वारा अडतो, दक्षिणेकडनं ऊन थेट येतं, काळा तळ तापतो, मग किडे, त्यामागे बारीक मासे आणि त्यामागे क्रॅपी. मी १/३२ औंसाची जिग बॉबरखाली (दोरीला लावलेला तरंगता गोळा) अडीच फुटांवर सोडली. आता हे नीट वाचा, कारण नवीन माणूस इथेच चुकतो: बॉबर बुडाला नाही. तो हळूच आडवा पडला. क्रॅपी खालून वर येऊन खातो, जिगचं वजनच तो उचलून धरतो, त्यामुळे बॉबर सैल पडतो. आडवा पडला की मनगट नुसतं उचलायचं. हिसका दिलात तर तोंड फाटतं, पापुद्र्यासारखं असतं. पहिले दोन मी असेच घालवले. नंतर सात आले.

साडूभाऊ म्हणाले, क्रॅपी काय, पोरांचा मासा. हे वाक्य इथल्या मराठी लोकांत फार ऐकतो म्हणून सांगतो, अप्पर रेड लेकला वॉलआय उपसून उपसून संपवले, १९९९ ते २००६ वॉलआय धरायला बंदी होती, तेव्हा तिथे क्रॅपीचं असं पीक आलं की लोक कडाक्याच्या थंडीत राज्यभरातनं गाड्या काढून जायचे. ते काय सगळे पोरं होते का?

सूर्य टेकताना त्याच बेच्या तोंडाशी, जिथे एक ओढा येऊन मिळतो तिथे गेलो. पाच फूट पाणी, खाली खडी. वॉलआयला अंधुक उजेडात दिसतं, बिचाऱ्या मिनोला दिसत नाही, म्हणून ही वेळ. १/८ औंसाची जिग, मिनो, अगदी सावकाश ओढत. दोन मिळाले, मोठा सतरा इंच. तिसरा त्याहून मोठा होता, तो साडूभाऊंनी नेट शेपटीकडनं घातल्यामुळे गेला. ते म्हणतात मी लाइन ढिली सोडली. नाही सोडली.

आणि खरी खुमखुमी पुढेच आहे. सप्टेंबरमधे गणपतीच्या जेवणाला चाळीस माणसांसमोर हे गृहस्थ सांगतायत, "सोनारवर बरोबर दिसले, मग काय, टाकले गळ." सोनार! दुपारी एकपासून बंद पडलेला सोनार! मी बदकाचं नाव काढलं तर सगळे हसले आणि बायकोने मोदकाचं ताट माझ्या हातात दिलं.

आता जरा प्रामाणिकपणे. माझी जागा बरोबर होती, कारण चुकीचं होतं. वलगणीचा मासा अंडी घालायला चढतो आणि आपण तो गाबोळीसकट खातो. इथे वॉलआयची अंडी घालून व्हावीत म्हणूनच ओपनर मेमधे ठेवलाय, त्यानंतर तो उथळावर रेंगाळतो तो खाण्यासाठी. पाणी काचेसारखं स्वच्छ असेल, भर दुपार असेल तर तो खोलातच मिळेल. जूनपासून पुढे सोनार उपयोगी पडतो, साडूभाऊंना सांगू नका.

क्रॅपी वर्षभर चालू असतो, ओपनरची वाट कशाला बघता, बर्फ गेलं की बेमधे जा, किनाऱ्यावरनंही मिळतात, बोट लागत नाही. किती ठेवायचे, किती इंचाचे, ते लेकगणिक बदलतं, त्या लेकचा नियम आधी वाचा. निघताना बोटीतलं पाणी काढायचा प्लग काढा आणि मिनोच्या बादलीतलं लेकचं पाणी ओतून घरचं भरा, नाहीतर दंड होतो आणि झालाच पाहिजे. लाइफ जॅकेट अंगात घाला, सीटखाली नको. त्या पाण्यात पोहता येणाराही काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही.

लेकचं नाव विचारू नका. ब्रेनर्ड गावाच्या वर आहे, एवढंच.