वाचकांचे प्रश्न: बेटावरच्या रिकाम्या लाटा आणि नागपूरचा बोर्ड

लिटल अंदमान बेटावरच्या सर्फिंगबद्दल नागपुरातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. समुद्र शेकडो किलोमीटर लांब असलेल्या गावातून बोर्डाच्या दुरुस्तीवरही प्रश्न यावेत, ही आनंदाची गोष्ट आहे.

आम्ही दोघे मित्र. पोहता येतं, सर्फिंग कधी केलेलं नाही. डिसेंबरच्या सुट्टीत लिटल अंदमानला जाऊन तिथंच शिकायचं ठरवलंय. गर्दी नसली की शिकणं सोपं जाईल ना? (धरमपेठ)

नाही जाणार, आणि महिनाही चुकलाय.

तिथल्या चांगल्या लाटा दक्षिण हिंदी महासागरातून, साधारण ४० ते ५० अंश दक्षिण अक्षांशावरच्या वादळांतून निघतात. तिकडचा हिवाळा जवळ येतो तेव्हा आपल्याकडे उन्हाळा तापत असतो. म्हणून अंदमानात मार्च ते मेचा मध्य हे दिवस धरायचे. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास नैऋत्य मोसमी वारे बेटांवर पोचतात आणि लाटा मोठ्या पण विस्कटलेल्या होतात. डिसेंबरात मात्र बऱ्याचदा पाणी सपाट असतं. सहल छान होईल, सर्फिंग होणार नाही.

आता गर्दीचं. तिथली कुमारी पॉइंटसारखी नावाजलेली ठिकाणं प्रवाळाच्या खडकावर, म्हणजे रीफवर फुटतात. गर्दी नाही याचा दुसरा अर्थ असा की कुठून आत जायचं ते दाखवायला कोणी नाही आणि अडकलात तर ओढून काढायलाही कोणी नाही. शिकायला वाळूचा तळ आणि कमरेएवढं पाणी हवं. नागपूरहून सोयीचं ठिकाण म्हणजे चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवरचं कोवळम (केरळातलं कोवळम वेगळं). ग्रँड ट्रंक किंवा तामिळनाडू एक्स्प्रेसनं थेट चेन्नई गाठता येते. मंगळुरूजवळचं मुल्की हा दुसरा पर्याय. पूर्व किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हे वादळी दिवस टाळा.

फुटलेल्या पांढऱ्या पाण्यात दहापैकी आठ वेळा उभं राहता आलं, न फुटलेली लाट स्वतः ओळखून पकडता आली आणि पडल्यावर बोर्ड कुठं आहे याचं भान राहू लागलं, की मग बेटाचा विचार करा. तिथंही सुरुवात बटलर बेपासून. हट बे या बेटावरच्या बंदराच्या धक्क्यापासून उत्तरेला १४ किलोमीटरवर हा लांबलचक वाळूचा किनारा आहे. रीफ नंतर.

लाटांच्या अंदाजात एके दिवशी "१ मीटर, १६ सेकंद" आणि दुसऱ्या दिवशी "१.५ मीटर, ७ सेकंद" असं दिसतं. दुसरा दिवस मोठा समजायचा का? (प्रतापनगर)

पहिला मोठा. नवशिके फक्त उंचीचा आकडा बघतात आणि तिथंच फसतात.

सेकंद म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत जाणारा वेळ. खोल पाण्यात लाटेची लांबी या सेकंदांच्या वर्गाला १.५६ नं गुणून मिळते. ७ सेकंदांची लाट सुमारे ७६ मीटर लांब, १६ सेकंदांची सुमारे ४०० मीटर. लाटेला तळ जाणवायला लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. म्हणजे ७ सेकंदांच्या लाटेला ३८ मीटर खोलीवर, १६ सेकंदांच्या लाटेला २०० मीटरवरच. लांब लाट तळाला अडखळत, वळत आणि ताकद एकवटत येते. एकदम उथळ होणाऱ्या रीफवर ती दीडपटीहून उंच उभी राहू शकते. ७ सेकंदांची लाट जवळच्याच वाऱ्यानं उठवलेली असते. ती खवळलेली दिसते, पण तिच्यात जीव कमी.

याच हिशेबाचा आणखी एक उपयोग आहे. १६ सेकंदांचा लाटांचा ताफा खोल समुद्रात ताशी सुमारे ४५ किलोमीटरनं सरकतो. दक्षिणेतलं वादळ बेटापासून साडेसहा हजार किलोमीटरवर असेल तर लाटा पोचायला सहा दिवस लागतात. नागपुरात बसून नकाशावर वादळ दिसलं की बोटीचं तिकीट बघायला वेळ मिळतो तो असा. लांब सेकंदांच्या लाटा आधी पोचतात. सकाळी अंदाजात उंची कमी पण सेकंद १८ दिसले, तर दुपारी समुद्र वाढणार हे समजून घ्या. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्रस्थितीचा अंदाज आणि मोठ्या स्वेलचे, म्हणजे दुरून येणाऱ्या लांब लाटांचे, इशारे देते. इशारा असेल त्या दिवशी किनाऱ्यावरच बसा.

अंदाजातली उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. दिवसभरात एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही येते. त्यात लांब सेकंदांच्या लाटा पाच-सहाच्या गटानं येतात आणि दोन गटांमध्ये दहा-पंधरा मिनिटं पाणी गपगार असतं. नवखा माणूस नेमका त्या शांततेत पोचतो, "आज काहीच नाही" म्हणत वल्हवत आत जातो आणि रीफच्या मधोमध पोचल्यावर गट येतो. म्हणून नियम असा: बोर्ड झावळीच्या सावलीत ठेवून अर्धा तास नुसतं बघायचं. मोठा गट किती मिनिटांनी आला, पहिली लाट कुठं फुटली, कुठं पाणी फुटतच नाही, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय पायाला लीश, म्हणजे बोर्डाची दोरी, बांधायची नाही. आमच्या मते अंदाजाच्या सगळ्या ॲपपेक्षा हा अर्धा तास मोलाचा आहे.

भरती-ओहोटी तिथल्या तक्त्यावरूनच बघा. तिथीच्या पाऊणपटीवरून भरतीची वेळ काढायचं कोकणातलं गणित अंदमानात चालत नाही. एवढं मात्र तिथंही खरं, की अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे ओहोटीला रीफ जास्त उघडी पडते. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीत फुटते. दीड मीटरच्या लाटेखाली जेमतेम दोन मीटर पाणी उरतं, आणि ओहोटीत त्याहूनही कमी. रीफवर पहिले दिवस अर्ध्या भरतीपासून पूर्ण भरतीपर्यंतच उतरा.

वाऱ्यासाठी पहाट. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा हलका वारा लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो, ऊन चढलं की वारा फिरतो. घड्याळ आपलंच असलं तरी बेट नागपूरपेक्षा साडेतेरा अंश पूर्वेला आहे. सूर्य जवळजवळ तासभर आधी उगवतो. एप्रिलमध्ये पाचच्या सुमारास उजाडलेलं असतं. गजर त्या हिशेबानं लावा.

रिप करंट म्हणजे काय? त्यात सापडलो तर जोर लावून किनाऱ्याकडे पोहायचं ना? (मनीषनगर)

किनाऱ्याकडे पोहायचं नाही. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूवर ती दोन उथळ पट्ट्यांमधली खोल जागा असते, रीफवर खडकातली खाच. तिथं लाटा कमी फुटतात, पाणी गडद किंवा गढूळ दिसतं, फेस आणि पालापाचोळा समुद्राकडे सरकताना दिसतो. म्हणजे अनोळखी माणसाला हीच जागा सर्वांत सुरक्षित वाटते.

तलावात २५ मीटर ३० सेकंदांत पोहणाऱ्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटर. जोरदार ओढ याच्या दुप्पट-तिप्पट असू शकते. बोर्ड सोडू नका, त्यावर पोट टेकून पडून राहा, किनाऱ्याला समांतर वल्हवत पांढऱ्या पाण्याकडे सरका आणि फुटलेल्या लाटेवर झोपूनच किनाऱ्याला या. जाणते सर्फर याच वाटेनं दमणूक न होता आत जातात. परतताना मात्र ती वाट टाळतात.

सेकंडहॅण्ड ईपीएस-इपॉक्सी बोर्ड घेतला. एप्रिलमध्ये स्लॅबवरच्या खोलीत ठेवला होता. वरच्या बाजूला तळहाताएवढा फुगा आलाय आणि शेपटीजवळ एक चीरही आहे. घरी दुरुस्त होईल का? (सक्करदरा)

फुगा आला तो आपल्या उन्हाळ्यामुळं. ईपीएस म्हणजे थर्माकोलच्याच जातीचा फोम. टिनाच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत आणि बंद गाडीत तापमान बाहेरच्या ४५ अंशांच्याही बरंच वर जातं. आतली हवा प्रसरण पावते आणि काचतंतूचं कवच फोमपासून सुटतं. बोर्डाला हवेचा स्क्रू असेल तर तो प्रवासात आणि साठवताना सैल ठेवा, पाण्यात उतरण्यापूर्वी घट्ट करा. बोर्ड तळमजल्यावर, पलंगाखाली, पांढऱ्या किंवा चंदेरी पिशवीत ठेवा. पाय घसरू नये म्हणून बोर्डाला लावलेलं वॅक्स आधीच खरवडून काढा, नाहीतर वितळून पिशवीला चिकटेल. तळहाताएवढा फुगा जाणकाराकडून सुटा भाग कापून, नवं कापड बसवून घ्यावा. सुईनं टोचून रेझिन भरण्याचा उपाय फार दिवस टिकत नाही.

चीर घरी होईल. पण आधी वाळवा. चीर सर्वांत खाली येईल असा बोर्ड तिरका उभा करा आणि पाणी गळणं थांबल्यावरही काही दिवस सावलीत राहू द्या. ओल राहिली तर थर धरत नाही. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं भोवतालचा दोन इंचांचा भाग खरबरीत करा, पुसून घ्या, चिकटपट्टीनं हद्द आखा. काचतंतूच्या कापडाचे दोन तुकडे कापा, दुसरा पहिल्यापेक्षा बोटभर मोठा. रेझिन लावून हवेचे बुडबुडे दाबून काढा. कडक झाल्यावर १२०, मग २४० नंबरनं घासा.

दोन चुका इथं हमखास होतात. फायबरच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्याकडचं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं म्हणून आणलं जातं. ते ईपीएस फोमला अक्षरशः विरघळवतं, चिरेच्या जागी खड्डा पडतो. या बोर्डाला फक्त इपॉक्सी. दुसरी चूक उन्हाळ्यातली. पॉलिएस्टरमध्ये गरमीत हार्डनर थोडा कमी घालता येतो, इपॉक्सीत येत नाही. डब्यावर जे प्रमाण दिलंय तेच मोजून घ्यायचं, नाहीतर ते कायमचं चिकट राहतं. चाळीस अंशांत ते भांड्यात भराभर घट्ट होतं आणि तापतंही. म्हणून पहाटे काम करा, एका वेळी ३०-४० ग्रॅमच कालवा आणि खोल वाटीऐवजी पसरट ताटलीत ठेवा. हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा.

माझं वजन ७५ किलो. बोर्ड सोबत न्यावा की तिथं घ्यावा? (वर्धमाननगर)

शिकायला आठ-नऊ फुटांचा सॉफ्टटॉप, म्हणजे मऊ पृष्ठभागाचा बोर्ड, ७५ ते ९० लिटरचा. तो शिकवणारेच देतात. रेल्वेच्या डब्यात सोबत न्यायच्या पेटीची मर्यादा १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर आहे, त्यापेक्षा मोठं सामान बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये टाकावं लागतं आणि तिथं बोर्डावर काय काय रचलं जाईल ते सांगता येत नाही. विमानाचे नियम तिकीट काढण्याआधी विचारा, पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजयपुरम) लांब बोर्ड सगळेच नेत नाहीत. बेटावर भाड्यानं मिळेलच याची खात्री धरू नका, निघण्याआधी ठरवून घ्या.

सोबत न्यायचं ते छोटं सामान: बोर्डाच्या लांबीएवढी एक जादा लीश, फिनचा (बोर्डाखालच्या पात्यांचा) एक संच आणि त्याची किल्ली, उष्ण पाण्याचं ट्रॉपिकल वॅक्स, लांब बाह्यांचा रॅशगार्ड (अंगासरशी बसणारा सदरा), झिंक ऑक्साइडचं मलम. लीशवर नखाएवढी जरी चीर दिसली तरी ती टाका.

मुलगा एप्रिलमध्ये लिटल अंदमानला चाललाय. औषधं काय द्यावीत? मगरी असतात असं ऐकलं, खरं का? (महाल, एक आई)

खरं आहे, ताई. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथं आहेत. ओढ्याच्या आणि खाडीच्या मुखाशी, गढूळ पाण्यात, पहाटे अंधारात आणि तिन्हीसांजेनंतर पाण्यात जायचं नाही. गावात रोज विचारायचं, मगर कुठं दिसली का. मासेमारांना ते ठाऊक असतं.

प्रवाळानं कापलं तर जखम लहान दिसते पण चिघळते, कारण बारीक कण आत राहतात. पिण्याच्या पाण्यानं आणि साबणानं चोळून धुवायची, दुखलं तरी. कण चिमट्यानं काढायचे, पोव्हिडोन आयोडीन लावायचं, कोरडी पट्टी बांधायची आणि भरेपर्यंत समुद्रात जायचं नाही. भोवतालची लाली पसरली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच घेऊन ठेवा. समुद्री साळूचे काटे टोचले तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. डासांचं मलम, ओआरएस, चिमटा आणि बँडेज एवढं पुरे.

पडताना डोकं खाली करून सूर मारायचा नाही, अंग पसरून सपाट पडायचं आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरायचे, हे त्याच्याकडून वदवून घ्या. रीफवर पाय टेकवायचे नाहीत. हट बेला आरोग्य केंद्र आहे, मोठ्या उपचाराला पोर्ट ब्लेअर, म्हणजे बोटीनं सहा ते आठ तास. हवामान बिघडलं की बोट रद्द होते. परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवायला सांगा.

जाण्याआधी नागपुरात काय सराव करावा? अंबाझरीत बोर्ड टाकला तर? (रामदासपेठ)

अंबाझरी नको, गाळ आणि जलपर्णी दोन्ही आहेत. तलावात न थांबता ४०० मीटर क्रॉल येईपर्यंत पोहा, खांदे तिथंच तयार होतात. श्वास रोखायचा सराव एकट्यानं पाण्याखाली करू नका, त्यात पूर्वसूचना न मिळता शुद्ध जाते.

उभं राहणं घरी शिकता येतं. फरशीवर चिकटपट्टीची सरळ रेघ आखा. पालथे पडा, तळहात खालच्या बरगड्यांशेजारी सपाट. कडा धरायच्या नाहीत. छाती उचला, ढकला आणि पुढचा पाय एकाच झटक्यात दोन हातांच्या मध्ये रेघेवर आणा. गुडघा टेकवायची सवय लागली तर ती लाटेवरही जात नाही. नजर पायांकडे नाही, समोरच्या भिंतीवर. रोज वीस वेळा पुरे.

तिथं परवाना लागतो का? बोटीनं बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या लाटांकडे जाता येईल? (इतवारी)

हट बे आणि तिथल्या वस्तीच्या पट्ट्यासाठी भारतीय नागरिकाला वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र ठेवा. बेटाचा मोठा भाग मात्र ओंगे जमातीसाठी राखीव आहे आणि १९५६ च्या नियमानुसार तिथं शिरणं गुन्हा आहे. लाट कितीही सुरेख दिसो, त्या किनाऱ्यावर उतरायचं नाही. नावाडी "काही होत नाही" म्हणाला तरी नाही. बाकी ठिकाणी मासेमारांची जाळी कुठं लावलीत ते आधी विचारा, लीश जाळ्यात अडकली तर सोडवणं अवघड जातं.