आधी त्यांची तारीख, मग तुमचं तिकीट

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. बर्लिनची नोकरी पक्की झाली हे वाचून मनापासून आनंद झाला. पगार, घरभाडं, लेकाची शाळा याबद्दल तू भरभरून विचारलं आहेस, आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, ‘दोघा कुत्र्यांचं काय करू?’ असं लिहिलं आहेस. मी उत्तराची सुरुवात तिथूनच करते, कारण तुमच्या सगळ्या तयारीत सर्वांत जास्त वेळ खाणारं काम तेच आहे. पहिल्यापासून सुरुवात करायची तर कुत्र्यांच्या कागदपत्रांना कमीत कमी चार महिने लागतात. कितीही पैसे मोजले, कितीही ओळखी काढल्या, तरी त्यातला एक दिवस कमी होत नाही.

रेबीज आटोक्यात आहे असं युरोपीय संघ ज्या देशांबद्दल मानतो, त्यांच्या यादीत भारत नाही, म्हणून आपल्याकडून जाणाऱ्या कुत्र्यांना नियम कडक. आधी १५ आकडी मायक्रोचिप बसवायची. त्यानंतरच रेबीजची लस. चिपच्या आधी दिलेली लस धरतच नाहीत, मग ती कितीही चांगल्या डॉक्टरांनी दिलेली असो. लशीनंतर निदान ३० दिवस थांबून रक्त काढायचं आणि ते युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच तपासून घ्यायचं. अहवालात प्रतिपिंडांचं (अँटीबॉडीजचं) प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट किंवा त्याहून जास्त हवं. आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय कुत्र्याला युरोपात पाय ठेवता येत नाही. अहवाल उत्तम आला म्हणून ही मुदत घटत नाही. पुढच्या बूस्टर लशी वेळच्या वेळी दिल्यास तोच अहवाल पुढेही चालतो. पण एक बूस्टर चुकला तर सगळं पहिल्यापासून. तेव्हा लशीच्या तारखा फ्रिजवर लावून ठेव.

निघायच्या शेवटच्या दहा दिवसांत सरकारी पशुवैद्यकाच्या सहीचं युरोपीय संघाच्या नमुन्यातलं आरोग्य प्रमाणपत्र लागेल, आणि केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयाची एनओसी. मुंबईत हे कार्यालय आहे आणि तिथे कुत्र्यांनाही न्यावं लागतं. त्या दिवशी घरातल्या एकाने फक्त या कामाला जायचं. सामानाची बांधाबांध दुसऱ्याकडे.

आता तुझ्या सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळते. ‘तुम्ही जा, कुत्री माझ्याकडे राहू देत, स्थिरस्थावर झालात की न्या,’ असं त्या प्रेमानेच म्हणतात, हे मला कळतं. पण तिकडे गेल्यावर हे ‘नंतर’ फार लांबतं. नोकरी नवी, सुट्ट्या मोजक्या, घरमालकाची परवानगी पुन्हा वेगळी काढायची; आणि पुण्यात वय वाढत जाणारा लॅब्रॅडॉर आणि सत्तरीकडे झुकलेली बाई, दोघंही एकमेकांना सांभाळून थकलेली. शिवाय नियमही आडवा येतो. मालकाच्या प्रवासाच्या आगेमागे पाच दिवसांच्या आतच कुत्र्याचा प्रवास झाला तर तो घरगुती पाळीव प्राणी म्हणून धरतात. त्याहून अंतर वाढलं की तीच कुत्री व्यापारी आयातीच्या नियमांत जातात आणि कागद, खर्च दोन्ही वाढतात.

म्हणून माझं म्हणणं असं. चिप आणि लस लगेच कर. नोकरीची तारीख आलीच तर तू एकटी पुढे जा, तात्पुरत्या घरात राहा, कायमचं घर शोध. तीन महिन्यांची मुदत इकडे पुण्यात आपोआप सरेल. मग रजा काढून परत ये आणि नवरा, लेक, दोन्ही कुत्री, सगळ्यांना बरोबर घेऊन जा. काही महिने घर विभागलेलं राहील, ते सोपं नाही. पण एकदाच उठून एकदाच बसाल, आणि लेकाला नव्या घरात पहिल्या रात्री त्याची कुत्री पायाशी मिळतील. आठ वर्षांच्या मुलाला याची किंमत किती असते, ते तुला सांगायला नको.

विमानाबद्दल थोडक्यात. लॅब्रॅडॉर आणि तुमचा गावठी, दोघंही केबिनच्या वजनात बसणार नाहीत, ते खालच्या भागातून जातील. मध्ये विमान बदलावं न लागणारा प्रवास निवड, फ्रँकफर्ट किंवा म्युनिकचा. उन्हाळ्याचे दिवस टाळ, आणि शक्यतो रात्रीचं उड्डाण घे. क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, आत्ताच आणून हॉलमध्ये ठेव, दार काढून टाक, जेवण त्यातच देत जा. निघायच्या वेळी ती त्यांची नेहमीची जागा झालेली असली पाहिजे. झोपेचं औषध देऊ नकोस, उंचीवर त्याचा श्वासावर आणि रक्तदाबावर परिणाम होऊ शकतो. उतरल्यावर त्याच दिवशी बर्लिन गाठायचा हट्ट नको. एक रात्र थांबा, त्यांना जमिनीवर चालू द्या, मग पुढे निघा. जर्मन रेल्वेत मोठ्या कुत्र्याचं तिकीट काढावं लागतं आणि पट्टा व मुसकं लागतं, म्हणून मुसक्याची सवयही पुण्यातच लाव. बर्लिनच्या भुयारी रेल्वेतही मोठ्या कुत्र्याला ते लागतंच. आणि आजीने प्रेमाने दिलेलं साजूक तूप, पेढे, कुत्र्यांची चिकनची बिस्किटं सामानात घालू नकोस. बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशांना युरोपात नेता येत नाहीत.

घराचं काम जड आहे, त्यासाठी मन घट्ट कर. बर्लिनमध्ये एका घरामागे माणसांची रांग असते. भाडेकरारातल्या छापील कलमाने कुत्र्या-मांजरांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ साली ठरवलं आहे. पण त्याचा अर्थ घरमालकाने हो म्हणायलाच हवं असा नाही, प्रत्येक प्रकरण दोन्ही बाजू पाहून ठरतं. तेव्हा कुत्री लपवून घर घेऊ नकोस. अर्जाबरोबरच दोघांचे फोटो, वय, वजन, लशी, विम्याचा कागद आणि सध्याच्या शेजाऱ्यांचं इंग्रजीत लिहिलेलं चार ओळींचं पत्र जोड. तिथल्या माणसांना आधी सांगितलेलं आवडतं.

जुन्या इमारतींची उंच छतं, लाकडी फरशी पाहून तू भुलशील. लॅब्रॅडॉरच्या कमरेचा विचार कर. लिफ्ट नसलेला चौथा मजला त्याला दोन-तीन वर्षांनी झेपणार नाही. मी शहराच्या मध्यापेक्षा क्योपेनिक किंवा त्सेलेनडॉर्फच्या बाजूला बघेन, प्रवास थोडा लांबला तरी. पाऊलभर अंतरावर जंगल असणं तिथल्या आयुष्यात फार मोलाचं आहे. ग्रुनेवाल्डच्या तळ्याभोवती कुत्र्यांना मोकळं सोडता येतं, मैलोन्‌मैल. २००८ साली बंद झालेल्या टेंपलहोफ विमानतळाचं आता प्रचंड मैदान झालं आहे, तिथेही कुंपण घातलेल्या मोकळ्या जागा आहेत. बाकी शहरात पट्टा सक्तीचा.

घर मिळालं की १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते. त्यासाठी घरमालकाची सही लागते. तात्पुरतं घर घेतानाही ‘इथे नोंदणी होईल ना?’ हा पहिला प्रश्न विचार. त्यानंतर कुत्र्यांची नोंदणी आणि कर: बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो, दुसऱ्याला १८०. कुत्र्याने कोणाचं नुकसान केलं तर भरपाई देणारा, निदान १० लाख युरोंचा विमा तिथे सक्तीचा आहे. पशुवैद्यकाची फी सरकारी दरपत्रकाने ठरते आणि रात्री-अपरात्री तातडीने गेलात तर ती दुप्पट ते चौपट होते, वर वेगळं शुल्क. महिन्याच्या खर्चात या दोघांचं खातं वेगळं धर. पुण्यात एकदा दोघांची एर्लिकियाची, म्हणजे गोचीडतापाची, तपासणी करून अहवाल फाइलमध्ये ठेव. आपल्याकडचा हा आजार तिथल्या डॉक्टरांना रोज दिसत नाही, कागद हातात असला की त्यांनाही निदान सोपं जातं.

तुझ्या गावठीची मला जास्त काळजी वाटते. लॅब्रॅडॉर कुठेही रमेल. पण गावठी कुत्रा गल्लीत वाढलेला, त्याला हद्द माहीत, प्रत्येक कुत्रा माहीत, रात्री कोणाला उत्तर द्यायचं तेही माहीत. बर्लिनच्या रस्त्यावर मोकाट कुत्रं नाही. रात्री कोणी भुंकत नाही, आणि त्या शांततेत तो अस्वस्थ होईल, जिन्यात पाऊल वाजलं तरी उठेल. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची रीत तिथले शेजारी फार मनावर घेतात. म्हणून आल्याबरोबर खालच्या-वरच्या घरांत स्वतः जाऊन ओळख करून घे. ‘आमचा कुत्रा नवा आहे, काही त्रास झाला तर आम्हाला सांगा,’ एवढं म्हण. तक्रारीची चिठ्ठी यायच्या आधी तुझा चेहरा त्यांना माहीत असला पाहिजे.

आणि पहिले काही महिने त्याला फक्त गळपट्ट्यावर बाहेर नेऊ नकोस. अंगावर हार्नेस, वेगळा गळपट्टा, दोन्हींना दोन दोऱ्या. नव्या देशात आलेली कुत्री ट्रामच्या आवाजाने, एखाद्या दार आपटण्याने मान सोडवून पळतात, आणि त्यांना घराचा रस्ता अजून माहीत नसतो. हरवलेले प्राणी शोधायला मदत करणाऱ्या टासो नावाच्या संस्थेकडे चिपची नोंदणी मोफत होते. विमानातून उतरलात की पहिल्या दिवशी ती कर.

थंडीत कोवळं ऊन कुठून आणणार? डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, सकाळी आठच्या सुमारास उगवतो. गावठीला कोट लागेल, लॅब्रॅडॉरला नाही. दिवाळीच्या फटाक्यांचा त्रास तुम्ही पाहिलाच आहे. जर्मनीत तो सगळा ३१ डिसेंबरच्या रात्रीत एकवटतो. त्या आठवड्यात शहराबाहेर खेड्यात खोली घ्या, ती ऑगस्टातच ठरवा.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचं आहे ते तुझ्या नवऱ्याबद्दल. तू सकाळी ऑफिसला जाशील, तुला माणसं भेटतील, तुझं नाव घेऊन बोलणारं कोणीतरी असेल. लेक शाळेत जाईल. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी बर्लिनमध्ये स्वागतवर्ग असतात, तिथे त्याच्यासारखीच दहा देशांतून आलेली मुलं असतील आणि वर्षभरात तो तुम्हाला जर्मन शिकवेल. घरात राहील तो नवरा. स्वयंपाकाला मावशी नाहीत, कोपऱ्यावर ओळखीचा किराणावाला नाही, आणि दोन कुत्री दिवसातून तीनदा बाहेर न्यायची. हे सगळं ‘तू घरीच आहेस ना’ म्हणून त्याच्या अंगावर टाकू नकोस. सकाळची फेरी तुझी. पावसात, अंधारात, मीटिंग असली तरी तुझी. दुपारची त्याची. संध्याकाळी तिघं मिळून.

तू ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर, जाते आहेस, म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून काम करायची परवानगी आहे. सरकारी आरोग्य विम्यात, त्याची कमाई सुरू होईपर्यंत, तो आणि लेक तुझ्याबरोबर वेगळा हप्ता न भरता येतात. या दोन गोष्टी त्याला नीट समजावून सांग, कारण आपण कोणाच्या जिवावर बसलो आहोत ही भावना शिकल्यासवरल्या माणसाला आतून पोखरते. फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे तिथल्या लोकशिक्षण केंद्रात, भाषेचा वर्ग त्याने पहिल्या महिन्यातच धरावा. नोकरी मिळेपर्यंत थांबू नये.

आणि दुपारची फेरी त्याने रोज त्याच वेळी, त्याच वाटेने करावी. जर्मन माणूस अनोळखी माणसाशी सहसा बोलत नाही, पण कुत्र्याशी बोलतो. आधी कुत्र्याचं नाव विचारतात, मग वय, मग हा कुठल्या जातीचा म्हणून गावठीकडे कुतूहलाने बघतात. काही आठवड्यांनी तुझ्या नवऱ्याचं नाव विचारतील. मी बर्लिनमधल्या कितीतरी मराठी घरांत हे घडलेलं पाहिलं आहे. वर्षानुवर्षं ऑफिसात जाऊनही ज्यांना एक शेजारी जोडता आला नाही, त्यांच्याच घरातल्या कुत्रा फिरवणाऱ्या माणसाला अख्खा रस्ता ओळखतो. मराठी मंडळाच्या गणपतीला जा, जरूर जा, तिथे मन मोकळं होतं. पण आजारपणात किल्ली कोणाकडे ठेवायची हा प्रश्न येतो तेव्हा त्याच रस्त्यावरचं माणूस लागतं.

लेकालाही एक काम दे: संध्याकाळचं खाणं त्याने घालायचं. आणि दुसऱ्याच्या कुत्र्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे त्याला आत्ताच शिकव.

या आठवड्यात दोघांच्या लसपुस्तिका काढ. चिप कधी बसवली, रेबीजची लस कधी दिली, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून मला फोटो पाठव. चिप आधी आणि लस नंतर असेल, बूस्टर चुकलेला नसेल, तर रक्ततपासणीला लगेच जाता येईल. उलटं असेल तर सोमवारीच डॉक्टरांची वेळ घे. नोकरी सुरू होण्याची तारीख कंपनीला कळवण्याआधी मला एक फोन कर, तिघांचे कागद आणि दोघांचे कागद समोर ठेवून आपण महिने मोजू.

सासूबाईंना माझा नमस्कार.

तुझी,
मावशी