'व्हिकर अपोस्टोलिक' म्हणजे उपबिशप नव्हे

प्रश्न : अनास्तासिउस हार्टमन (१८०३–१८६६) या स्विस कापुचिन (फ्रान्सिस्कन परंपरेतल्या एका संघाच्या) मिशनऱ्याच्या चरित्राचा अनुवाद करताना 'व्हिकर अपोस्टोलिक'ला 'उपबिशप' म्हणावे का? शिवाय ते 'दर्बेचे बिशप', तर पाटण्यात काय करत होते?

'उपबिशप' लिहू नका. वाचक त्याचा अर्थ सहायक बिशप असा घेईल, आणि हार्टमन यांच्यावर कुणी स्थानिक बिशप नव्हताच. 'व्हिकर'च्या मुळाशी लॅटिन 'विकारिउस' आहे, म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा. 'व्हाइसरॉय'मधला 'व्हाइस' त्याच घराण्यातला. व्हाइसरॉय जसा इथल्या कुणा राजाचा दुय्यम नव्हता, राणीच्या नावाने कारभार बघायचा, तसा हा पोपच्या नावाने. 'अपोस्टोलिक'चा रोखही इथे पोपच्या पीठाकडे आहे. 'प्रेषितीय उपगुरू' वगैरे घडवलेत तर अर्थ पार हरवेल. (आणि 'विकार' असं तर मुळीच छापू नका. गोव्याच्या कोकणीतला 'विगार' याच मुळाचा, पण तो चर्चचा मुख्य पाद्री.)

हे पद निघालं ते पाद्रोआदोमुळे, म्हणजे भारतात बिशप नेमण्यात पोर्तुगीज राजाचा जो हक्क होता त्यामुळे. त्याला वळसा घालून रोमची प्रोपगांडा ही धर्मप्रसाराची संस्था नियमित धर्मप्रांत न काढता व्हिकर पाठवी. गोव्यातल्या दिवाडीचे मातेउस द कास्त्रू यांना १६३७ मध्ये असंच विजापूरच्या मुलखासाठी नेमलं होतं.

आता दर्बे. बिशपपदाची दीक्षा कुठल्या तरी पीठाच्या, म्हणजे बिशपच्या गादीच्या, नावावर द्यावी लागते, म्हणून लयाला गेलेल्या पीठाचं नाव देत. दर्बे हे बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये'मधलं गाव, आजच्या तुर्कस्तानात. हार्टमन यांचा तिथल्या कारभाराशी संबंध नव्हता. जुन्या कागदांत अशा नावापुढे 'इन पार्टिबस इन्फिडेलिउम', म्हणजे 'अविश्वासूंच्या मुलखात', असं येतं. अनुवादक हमखास तो शेरा भारतावर लावतात. तो आहे दर्बेवर. १८८२ मध्ये रोमने ते शब्द सोडून 'टिट्युलर' स्वीकारला.

त्याला 'नामधारी' म्हणावं, तर मराठीत त्या शब्दाला साताऱ्याच्या छत्रपतींचा वास आहे: गादी आहे, सत्ता नाही. इथे उलटं, सत्ता आहे, गादी दुसरीकडची. 'मानद'ही नको, त्यांची दीक्षा पुरी होती, ते पाद्री घडवू शकत. मी 'दर्बे हे पदनाम असलेले बिशप' लिहीन.

सनावळीही सांभाळा. १८४५ला पाटण्याचे व्हिकर म्हणून नेमणूक, दीक्षा १८४६ला आग्र्यात. १८४९पासून मुंबईचे फक्त प्रशासक, १८५४ला व्हिकर, १८६०ला पुन्हा पाटणा. म्हणजे 'बॉम्बे कॅथलिक एक्झामिनर' हे त्यांचं वृत्तपत्र १८५०ला निघालं आणि १८५३ला माहीमच्या चर्चमध्ये पाद्रोआदोवाल्यांनी (पोर्तुगीज हक्काच्या बाजूच्या लोकांनी) त्यांना कोंडलं, तेव्हा ते प्रशासकच होते. 'मुंबईचे बिशप' लिहिलंत, तर ज्या हक्कावरून ते भांडण पेटलं त्याचा निकालच तुम्ही एका शब्दात लावलात.